महाविद्यालयात फिटनेस शिकवायचंय? डेमो लेक्चरला स्टेप टेस्ट घ्या

व्यायामशास्त्र किंवा रिक्रिएशन शिकवण्याच्या जागेला पदव्युत्तर पदवी बहुधा लागतेच, कायमस्वरूपी जागेला अनेकदा पीएचडीही. म्हणजे मुलाखतीला आलेल्या सगळ्यांकडे पदवी असतेच. खरी निवड होते डेमो लेक्चरमध्ये. तिथे बरेच जण स्क्वॅट करून दाखवतात. ते ट्रेनरचं काम झालं. विद्यार्थ्याला मोजायला आणि मोजलेल्या आकड्यावर शंका घ्यायला तुम्ही शिकवू शकता का, हे समितीला बघायचं असतं. वीस मिनिटांत त्यासाठी क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट उत्तम: ठरावीक वेगाने बाकावर चढउतार करायची, मग नाडी मोजून सूत्राने तंदुरुस्तीचा अंदाज काढायचा.

४१.३ सेंमी उंचीचा, न डगमगणारा बाक, मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र (मोबाइलवरचा चालेल) आणि स्टॉपवॉच एवढंच सामान. उंची स्वतः टेपने मोजा. हाताशी असलेला बाक 'साधारण तेवढाच' असून भागत नाही, कारण सूत्र याच उंचीसाठी आहे.

छातीत दुखणं, चक्कर, गुडघेदुखी असलेल्यांना आधीच वगळा. हृदयाचा वेग कमी करणारी औषधं चालू असतील त्यांनाही, नाहीतर आकडा खोटाच चांगला येईल. हे प्रश्न चारचौघांत विचारू नका, छापील फॉर्म द्या.

एक चढउतार म्हणजे मेट्रोनोमचे चार ठोके: वर, वर, खाली, खाली. पुरुषांसाठी मिनिटाला २४ चढउतार, म्हणजे मेट्रोनोम ९६ वर. स्त्रियांसाठी २२, म्हणजे ८८ वर. वेळ ३ मिनिटं. वर गेल्यावर गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा. दमल्यावर माणूस वाकूनच उतरतो, तेवढं काम कमी होतं आणि नाडीही कमी भरते.

थांबल्यावर उभ्यानेच, ५व्या सेकंदापासून २०व्या सेकंदापर्यंत नाडी मोजायची आणि चारने गुणायची. सगळा घोटाळा इथेच होतो. नाडी सापडायला दहा सेकंद गेले की तोवर हृदय शांत होऊ लागलेलं असतं, आणि आळशी माणूसही तंदुरुस्त ठरतो. म्हणून नाडी शोधण्याचा सराव चाचणीआधी बसल्या जागी करून घ्या. मनगटावरच मोजा, मानेवर जोरात दाबलं तर हृदयाचा वेगच कमी होऊ शकतो.

व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं याचा अंदाज, मिलि/किग्रॅ/मिनिट या एककात:
पुरुष: १११.३३ − (०.४२ × नाडी)
स्त्रिया: ६५.८१ − (०.१८४७ × नाडी)

पुरुषाचे १५ सेकंदांत ३८ ठोके भरले, तर नाडी १५२ आणि उत्तर ४७.५. आता फळ्यावर विचारा: एक ठोका चुकून जास्त मोजला तर? नाडी १५६, उत्तर ४५.८. एका ठोक्याने जवळजवळ १.७ चा फरक! त्यामुळे दशांशानंतर दोन आकडे लिहिणारा विद्यार्थी स्वतःलाच फसवतो, हे त्याला आपोआप कळतं. डेमोमधली सर्वांत मोलाची पाच मिनिटं हीच. ती सिद्धान्ताच्या स्लाइडवर घालवू नका.

शक्य असेल तर एकाच व्यक्तीची दोन्ही मनगटं दोघांना धरायला लावा आणि आकडे एकमेकांना न सांगता कागदावर लिहून घ्या. ते क्वचितच जुळतात. का जुळले नाहीत, हे वर्गालाच सांगू द्या, तुम्ही गप्प राहा.