संसार आणि नोकरी सांभाळून पुन्हा शिकताना : या चुका टाळा

मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर मी बरीच वर्षे रविवारची संपर्कसत्रे घेत आलो आहे. समोर बसणाऱ्यांत अंगणवाडीसेविका असतात, एस.टी.चे वाहक असतात, रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट वर्गात येणारे कामगारही असतात. यांतल्या ज्यांचे शिक्षण पुन्हा मध्येच सुटते, त्यांच्यापैकी विषय अवघड गेला म्हणून सोडणारे फार थोडे. बहुतेकांची गाडी काही ठरावीक ठिकाणीच अडते आणि ती ठिकाणे आधी ठाऊक असली तर बराच त्रास वाचतो.

पहिली अडचण प्रवेशाच्या आधीच उभी राहते, कारण कागदपत्रे बाहेर निघतात ती अंतिम मुदतीच्या आठवड्यात. विवाहित स्त्रियांना हा उशीर हमखास नडतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असते, तर आधार कार्डावर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव. दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या व्यवस्थेत डेब आयडी, म्हणजे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी ओळख क्रमांक, काढावा लागतो आणि दोन ठिकाणची नावे जुळली नाहीत, तर अर्ज तिथेच अडकण्याची भीती असते. म्हणून विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा नावबदलाच्या राजपत्राची प्रत निदान दोन महिने आधी हाताशी ठेवावी. माझ्या एका विद्यार्थिनीचा दाखला माहेरच्या ट्रंकेत सापडला तेव्हा घड्यांवर फाटून त्याचे चार तुकडे झाले होते. त्यांतल्या एका तुकड्यावरचा जनरल रजिस्टरचा क्रमांक तेवढा वाचता येत होता आणि त्याच्या आधारे शाळेने दुय्यम दाखला दिला. गुणपत्रिका हरवली असेल, तर ज्या विभागीय मंडळातून परीक्षा दिली होती तिथे अर्ज करावा लागतो. राज्यात अशी नऊ विभागीय मंडळे आहेत.

ज्यांची दहावीच राहिली आहे, ते बहुधा कोणी सांगितले म्हणून सतरा नंबरचा अर्ज भरतात. बाहेरून दहावी देण्याचा हा मार्ग चांगलाच आहे, परंतु त्यात पहिल्या वेळी सर्व विषयांची परीक्षा एकदम द्यावी लागते आणि फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेचा अर्ज कित्येक महिने आधी भरायचा असतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे टिकते. तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, पाच विषय सवडीप्रमाणे वाटून घेता येतात आणि मराठी माध्यमही उपलब्ध आहे. घरी लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेले वडीलधारे माणूस असेल, तर मी दुसरा मार्गच सुचवतो.

सर्वांत अधिक नुकसान करणारी समजूत म्हणजे ‘कामे आटोपल्यावर जो वेळ उरेल त्यात अभ्यास करीन’ ही. घरातली कामे आटोपत नाहीत, त्यामुळे असा वेळ कधी उरतच नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजत ओट्याशी उभ्याने वाचलेली पाने मी पाहिली आहेत. त्यांवर हळदीची बोटे असतात आणि प्रत्येक ओळीखाली रेघ असते, कारण तीच ओळ चारदा वाचावी लागलेली असते. त्यापेक्षा पहाटेचे पाऊण तास किंवा रात्री जेवणानंतरचा एक तास घरच्यांशी उघडपणे बोलून मागून घ्यावा. ‘सासूबाई, साडेआठ ते साडेनऊ मी आतल्या खोलीत बसेन, तेवढा वेळ मुलांकडे पाहाल का?’ असे स्पष्ट विचारले, तर बहुतेक घरांत होकार मिळतो. न विचारता मनातल्या मनात कुढत राहिले, तर कोणाला काही कळतही नाही. पुरुषांनीही हा वेळ गृहीत न धरता मागावा, कारण त्यांच्या अभ्यासाचा भार बहुधा पत्नीवरच पडतो आणि त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

एका गोष्टीकडे मात्र जवळजवळ सगळ्यांचेच दुर्लक्ष होते : हाताला लिहिण्याची सवय उरलेली नसते. वाचलेले समजते, लक्षातही राहते, परंतु तीन तासांच्या परीक्षेत पहिल्याच तासाला बोटे आखडतात, अक्षर बिघडते आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे राहतात. यावर एकच उपाय मला लागू पडलेला दिसला आहे. परीक्षेच्या तीन महिने आधीपासून रोज एक उत्तर घड्याळ लावून आखीव कागदावर लिहावे आणि शेवटच्या पंधरवड्यात एक पूर्ण प्रश्नपत्रिका एका बैठकीत सोडवावी. गृहपाठही दुसऱ्याच्या वहीतून उतरवू नये. त्याचे गुण मिळतील, पण हात तसाच राहील.

नोकरीच्या ठिकाणी शिक्षणाची गोष्ट लपवून ठेवणारेही पुष्कळ असतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी मागितलेली रजा बहुधा नामंजूर होते. वेळापत्रक हाती येताच त्याची प्रत जोडून लेखी अर्ज द्यावा आणि पाळी बदलून देणाऱ्या सहकाऱ्याशी त्याच दिवशी बोलावे.

एखादा विषय राहिला की ‘आता या वयात नको’ म्हणून पुस्तके माळ्यावर टाकणाऱ्यांचे मला मनापासून वाईट वाटते. उत्तीर्ण झालेल्या विषयांचे गुण नोंदणीच्या मुदतीत वाया जात नाहीत, पुन्हा द्यायचा असतो तो राहिलेला विषय. निकाल लागेल त्याच दिवशी फेरपरीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख पाहून घ्यावी आणि ती भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, सगळ्या घराला दिसेल अशी लिहून ठेवावी.