केरो बघायचं तर असं बघा

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या पार दक्षिण टोकाचं हे गाव. आधी गावात रेंगाळू नका, थेट फोर्ट डिफायन्स गाठा. तिथे ओहायो आणि मिसिसिपी या नद्यांचा संगम. मिसिसिपी गढूळ, ओहायो त्यामानाने निवळ. दोन रंग शेजारी शेजारी वाहत जातात. मग पूर अडवणाऱ्या बंधाऱ्यावर चढा. २०११ च्या पुरात गाव वाचवायला पलीकडे मिसुरीतला बंधारा सुरुंगाने उडवला होता.

शेवटी कमर्शियल अव्हेन्यूवर पायी फिरा. १९२० साली इथे १५,२०३ माणसं होती, २०२० मध्ये १,७३३. रेल्वे आणि बोटींचा धंदा बसला, एवढंच कारण मला पटत नाही. गोरे दुकानदार काळ्यांना नोकऱ्या देईनात, म्हणून १९६९ पासून काळ्यांचा त्यांच्या दुकानांवर बहिष्कार चालला. दुकानं बुडाली, दुकानदारांचा हेका सुटला नाही. आणि हो, डबा सोबत ठेवा.