स्वतःची गाडी नसताना बस-मेट्रोने निर्धास्त कसे फिरावे?

बसमध्ये किंवा मेट्रोत चढल्यावर आजूबाजूला चार माणसं असतात. नको ते प्रसंग बहुतेकदा येतात ते थांब्यावर ताटकळताना, नाहीतर उतरून एकटं चालताना. तेव्हा तयारी करायची ती या दोन टोकांची.

१. आधी फेऱ्या बघा, मग रस्ता. ॲप सर्वांत कमी वेळाचा मार्ग सुचवतं. पण त्यात दर ३० मिनिटांनी येणारी बस असेल आणि ती डोळ्यांदेखत सुटली, तर अर्धा तास उभं राहणं आलंच. दर १० मिनिटांनी गाडी असेल, तर वेळापत्रक न बघता गेलात तरी सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. म्हणून थोडा लांबचा, पण भरपूर फेऱ्यांचा मार्ग निवडा. गाडी बदलायची तीही वर्दळीच्या ठिकाणी. सुनसान नाक्यावर बदलून चार मिनिटं वाचत असतील तर ती वाचवूच नका.

२. शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी हीच आपली शेवटची समजा. ती चुकली तर निदान एक हातात असते. सुट्टीच्या दिवशी वेळापत्रक बदलतं, हे मात्र लोक हमखास विसरतात.

३. निघताना फोन चार्ज करा, थोडे पैसे पाकिटाबाहेर दुसऱ्या खिशात ठेवा आणि घरचा एक नंबर कागदावर लिहून घ्या. हल्ली पाठ कुणाला असतो?

४. थांब्यावर उजेडात उभे राहा आणि एक कान मोकळा ठेवा. फलाटावरून काही रुळांवर पडलं तर खाली उतरू नका. अनेक मेट्रोंमध्ये रुळांशेजारच्या पट्टीतून वीज वाहते. कर्मचाऱ्यांना सांगा, ते काढून देतात.

५. गाडीत रात्री बसायला जागा मिळते म्हणून रिकामा डबा गाठू नका. बसमध्ये ड्रायव्हरच्या जवळ बसा. दाराशी फोन बघत उभं राहणं सर्वांत वाईट. चोर दार बंद व्हायच्या क्षणी फोन हिसकावतो आणि फलाटावर उडी मारतो. दार लागतं, गाडी तुम्हाला घेऊन पुढे निघते. गर्दीत सॅक पोटाशी घ्या. कुणी अंगचटीला आलं तर भिडेखातर गप्प बसू नका, ‘लांब उभे राहा’ असं चार जणांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगा.

६. उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता ओलांडू नका. पलीकडून येणाऱ्या वाहनाला तुम्ही दिसत नाही. बस जाऊ द्या. काही शहरांत रात्री विनंती केल्यास दोन थांब्यांच्या मध्येही उतरवतात, टोरांटोत ही सोय १९९१ पासून आहे. आपल्या मार्गावर ती आहे का, हे ड्रायव्हरला चढतानाच विचारा. कुणी मागे येतंय असं वाटलं तर घराकडे वळू नका. उघडं दुकान किंवा माणसं दिसतील तिकडे जा आणि तिथूनच घरी फोन लावा.