इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ वेगवान गोलंदाज कोण? वाद घालताना या चुका टाळा

जेम्स अँडरसन जुलै 2024 मध्ये लॉर्ड्सवर शेवटची कसोटी खेळला, तेव्हा त्याच्या खात्यात 704 बळी होते. कसोटीत एवढे बळी दुसऱ्या कोणत्याही वेगवान गोलंदाजाने घेतलेले नाहीत. त्यामुळे इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ कोण हा प्रश्न निकालात निघाला, असं अनेकजण धरून चालतात. माझ्या मते पन्नास-साठच्या दशकांतला फ्रेड ट्रूमन आजही त्याच्या वर आहे. हे कुणाला पटेल, कुणाला नाही. पण या विषयावरचे बहुतेक वाद मत वेगळं असल्यामुळे अडत नाहीत, ते ठरावीक चुकांमुळे अडतात.

बळींची यादी हीच क्रमवारी मानणे

ही सगळ्यात मोठी चूक. अँडरसन 188 कसोटी खेळला. त्याहून जास्त कसोटी फक्त सचिन तेंडुलकर खेळला आहे. स्टुअर्ट ब्रॉडच्या 604 बळींमागे 167 कसोटी आहेत. ट्रूमनच्या वाट्याला आल्या 67, आणि त्यात त्याने 307 बळी घेतले. म्हणजे ट्रूमनचे कसोटीमागे साडेचारांहून जास्त बळी, तर अँडरसनचे जेमतेम पावणेचार. ट्रूमनला एका बळीसाठी साधारण 49 चेंडू लागायचे, अँडरसनला 57.

यावर लगेच उत्तर येतं की इतकी वर्षं टिकून राहणं हेच मोठेपण आहे. ते खरंच आहे. चाळिशी ओलांडल्यावरही नवा चेंडू हातात घेणारा माणूस सामान्य नसतो. पण ट्रूमनला टिकायची संधी कुणी दिली, हेही विचारायला हवं. 1952 मध्ये भारताविरुद्ध हेडिंग्लेवर त्याने पदार्पण केलं. दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद झाली. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर हे चौघेही भोपळा न फोडता परतले, त्यातले तिघे ट्रूमनचे बळी. मांजरेकरांनी त्याच कसोटीच्या पहिल्या डावात 133 धावा केल्या होत्या, हे लक्षात घेतलं की त्या माऱ्याची धार कळते. पुढे ओल्ड ट्रॅफर्डला ट्रूमनने 31 धावांत 8 बळी घेतले आणि भारत 58 धावांत संपला. चार कसोटींच्या त्या मालिकेत त्याचे 29 बळी होते.

असा गोलंदाज त्यानंतरची चार वर्षं मोजक्याच कसोटी खेळला. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर त्याच्या वागण्याबद्दल तक्रारी झाल्या, चांगल्या वर्तनाचा बोनस कापला गेला आणि 1954-55 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर त्याला नेलंच नाही. यॉर्कशायरच्या खाणकामगाराचा फटकळ मुलगा लॉर्ड्सवरून इंग्लंडचं क्रिकेट चालवणाऱ्या साहेबांना रुचला नाही, असं मला ठामपणे वाटतं. एवढं होऊनही 1964 मध्ये ओव्हलवर कसोटीत 300 बळींचा टप्पा गाठणारा तो जगातला पहिला गोलंदाज ठरला.

म्हणून एकूण बळी बघा, पण त्याच्या शेजारी सामने, सरासरी (एका बळीमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं) आणि बळीमागचे चेंडू हे आकडेही ठेवा.

वेगवेगळ्या काळांतल्या सरासऱ्या सरळ शेजारी मांडणे

नुसत्या सरासरीवर गेलं तर जॉर्ज लोमनच्या पुढे कुणीच नाही. 18 कसोटी, 112 बळी, सरासरी 10.75. पण तो एकोणिसाव्या शतकातल्या, पाऊस पडला तरी उघड्या राहणाऱ्या खेळपट्ट्यांवर टाकायचा. ट्रूमनच्या 21.57 ची तुलना अँडरसनच्या 26.45 शी करतानाही हीच अडचण येते. पन्नाशीच्या दशकात धावा एकूणच कमी होत.

यावर उपाय सोपा आहे. आधी गोलंदाजाची तुलना त्याच्याच काळातल्यांशी करा. ट्रूमनचा जोडीदार ब्रायन स्टॅथम त्याच खेळपट्ट्यांवर 24.84 च्या सरासरीने बळी घेत होता, ॲलेक बेडसर 24.89 ने. दोघेही उत्तम गोलंदाज, आणि ट्रूमन दोघांच्याही तीन धावा पुढे. माझा कौल त्याच्याकडे झुकतो तो मुख्यतः यामुळे.

'घरचा शेर' हा शिक्का एकालाच मारणे

अँडरसन ढगाळ हवेतच चालतो, हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. त्याला आधार आहे. इंग्लंडमध्ये ड्यूक्सचा चेंडू वापरतात. त्याची शिवण हाताची आणि उठावदार असते, तो जास्त षटकं स्विंग होतो, म्हणजे हवेत वळतो. ऑस्ट्रेलियातला कुकाबुरा चेंडू थोड्याच षटकांत निवतो. घरच्या आणि बाहेरच्या आकड्यांत फरक पडतो, तो अँडरसनच्याही पडला.

पण शिक्का मारण्याआधी काही सामने आठवा. 2006 च्या वानखेडे कसोटीत त्याने पहिल्या डावात 40 धावांत 4 बळी घेतले. दुसऱ्या डावात भारत 100 धावांत कोसळला आणि इंग्लंडने मालिका बरोबरीत सोडवली. 2010-11 मध्ये ऑस्ट्रेलियात त्याचे 24 बळी होते आणि इंग्लंड 3-1 ने जिंकलं. 2012 मध्ये इंग्लंड भारतात मालिका जिंकून गेलं, तेव्हा दोन्ही संघांत मोठा फरक अँडरसनने पाडला, असं खुद्द धोनी म्हणाला होता. फेब्रुवारी 2021 मध्ये चेन्नईत जुन्या चेंडूवर रिव्हर्स स्विंग करत त्याने एकाच षटकात शुभमन गिल आणि अजिंक्य रहाणे यांच्या दांड्या उडवल्या. तेव्हा तो 38 वर्षांचा होता.

आणि हाच निकष ट्रूमनला लावला तर? घरच्या मैदानांवर त्याची सरासरी 20 च्या आसपास, बाहेर 26. आशियात तो एकही कसोटी खेळला नाही. माझ्या बाजूचा हा सगळ्यात कच्चा दुवा आहे, आणि ट्रूमनची बाजू घेणाऱ्याने तो लपवू नये.

एक स्पेल किंवा एक मालिका म्हणजे अख्खी कारकीर्द समजणे

हॅरॉल्ड लारवुडचं नाव निघालं की बॉडीलाइन, म्हणजे फलंदाजाच्या अंगावर आखूड चेंडू टाकण्याचा डावपेच, आठवते. 1932-33 च्या त्या मालिकेत त्याने 33 बळी घेतले, सरासरी 19.51. त्याच्या सगळ्या 21 कसोटींतले मिळून बळी आहेत 78, सरासरी 28.35. ती एक मालिका बाजूला काढून हिशेब करा: उरलेल्या 16 कसोटींत 45 बळी, सरासरी जवळपास 35. वेगाची दहशत खरी होती, पण आकड्यांनी त्याला पहिल्या तिघांत बसवता येत नाही. त्याच्यावर झालेला अन्याय हा वेगळा मुद्दा. मारा ठरवला कर्णधार डग्लस जार्डिनने (हा जन्माने मुंबईचा), माफी मागायला सांगितलं लारवुडला. त्याने ती मागितली नाही आणि पुन्हा तो इंग्लंडकडून खेळला नाही. त्याबद्दल सहानुभूती जरूर बाळगा, पण तिचे गुण क्रमवारीत धरू नका.

फ्रँक टायसनचंही असंच. 17 कसोटी, 76 बळी, सरासरी 18.56, 1954-55 मध्ये त्याच्या वेगापुढे ऑस्ट्रेलिया हतबल झाली. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला हाच टायसन मुंबईत तरुण वेगवान गोलंदाज घडवत होता, म्हणून आपल्याला तो जवळचा वाटतो. पण 17 कसोटी त्या 17 च.

बॉब विलिसच्या बाबतीत उलट घडतं. हेडिंग्ले 1981 मधल्या 43 धावांत 8 बळींनी त्याची बाकीची कारकीर्द झाकून टाकली आहे. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर तो वर्षानुवर्षं पळत राहिला आणि 90 कसोटींत 325 बळी घेऊन थांबला. सरासरी 25.20, म्हणजे अँडरसन, ब्रॉड, बोथम या तिघांहून सरस. तरीही या वादात त्याचं नाव फार उशिरा येतं.

फलंदाजी आणि गोलंदाजीची सरमिसळ

फेब्रुवारी 1980, वानखेडे. इयान बोथमने शतक ठोकलं आणि सामन्यात 13 बळी घेतले. ज्यांनी ती कसोटी पाहिली ते बोथमला सगळ्यांच्या वर ठेवतात. पण इथे मोजायचे ते 13 बळी, 114 धावा नव्हेत.

जुना राग मनात ठेवणे

1971 मध्ये लॉर्ड्सवर धाव घेणाऱ्या सुनील गावसकरांना जॉन स्नोने धडक दिली. शिक्षा म्हणून त्याला एका कसोटीतून वगळलं. आपल्याकडे स्नोची ओळख तिथेच थांबते. वास्तविक त्याच वर्षीच्या सुरुवातीला संपलेल्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने 31 बळी घेऊन ॲशेस (इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेचा मान) परत आणली होती. ओव्हलवर अजित वाडेकरांच्या संघाने इतिहास घडवला, त्या कसोटीतही गावसकरांना दोन्ही डावांत स्नोनेच बाद केलं. 49 कसोटींत 202 बळी ही काही ऐऱ्यागैऱ्याची कामगिरी नाही.

वेगवान कुणाला म्हणायचं, हे आधी न ठरवणे

सिडनी बार्न्सचे 27 कसोटींत 189 बळी आहेत, सरासरी 16.43. त्याला यादीत घ्यायचं तर बेडसरलाही घ्यावं लागेल, कारण दोघांचा भर निव्वळ वेगापेक्षा चेंडू कापण्यावर, म्हणजे टप्पा पडल्यावर वळवण्यावर होता. घ्या किंवा वगळा, पण वाद रंगात आल्यावर नियम बदलू नका. मी बार्न्सला वेगळ्या रांगेत ठेवतो.

तसंच, यादी फक्त पुरुषांची असेल तर तसं स्पष्ट सांगा. कॅथरीन सिव्हर-ब्रंटने एकदिवसीय सामन्यांत 170 बळी घेतले आहेत. 2017 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर अन्या श्रबसोलने आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला शून्यावर त्रिफळाचीत केलं, पूनम राऊतलाही 86 वर बाद केलं आणि 46 धावांत 6 बळी घेऊन हातात आलेला चषक हिरावून नेला. महिलांच्या वाट्याला कसोटीच इतक्या कमी येतात की कसोटीचा निकष लावला तर त्या आपोआप यादीबाहेर जातात.

माझी यादी: ट्रूमन, त्याच्यामागे अगदी जवळ अँडरसन, तिसरा विलिस. चौथ्या जागेसाठी स्टॅथम आणि स्नो यांच्यात मला अजून निवड करता आलेली नाही.