सक्तीचे गोंदण: भविष्यातल्या मराठवाड्याचा खेळ रचणाऱ्या सूत्रधारासाठी

भूमिका वठवण्याच्या खेळात नागरिकांवर ओळखीचे गोंदण सक्तीचे करायचे ठरले, की बहुतेक सूत्रधार आधी नक्षी काढत बसतात. वास्तविक ते गोंदण वाचणार कोण आणि वाचता न आल्यास अडणार काय, हे आधी ठरवावे. खेळ २१४० च्या लातुरात घडत असेल, तर उत्तरासाठी लांब जावे लागत नाही, कारण एप्रिल २०१६ मध्ये याच शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. वाचणारे यंत्र टँकरच्या तोटीवरच बसवावे आणि हात दाखवल्याशिवाय घागर भरू देऊ नये.

क्रमांक सहा अंकी पुरतो. आधारसारखे बारा अंक खेळाच्या भरात कोणाच्या लक्षात राहत नाहीत. मात्र आधारची एक युक्ती अवश्य उचलावी: तेथे शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून हिशेबाने ठरतो. आपण पहिल्या पाच अंकांची बेरीज करून तिचा एककस्थानचा अंक सहावा धरावा. ४७१३८ ची बेरीज २३, म्हणून गोंदण ४७१३८३. एखाद्याने सुईच्या दोन टोच्यांत १ चा ९ केला, तर बेरीज ३१ होते, शेवटी १ हवा असताना हातावर ३ दिसतो आणि तोटी बंद होते. हा हिशेब खेळाडूंना आधी सांगू नये.

गोंदणाची शाई त्वचेच्या आतल्या थरात असते, त्यामुळे खरचटल्याने ती जात नाही, पण खोल जखमेचा व्रण अंक मोडतो. म्हणून बीडच्या ऊसतोड कामगाराची भूमिका घेणाऱ्याने हंगामाअखेर फासा टाकावा. एक पडल्यास कोयत्याने एक अंक गेला असे धरून पुन्हा गोंदवण्याचा खर्च मुकादमाच्या उचलीत चढवावा. म्हातारीच्या हातावर आधीच तुळशीवृंदावन असेल, तर क्रमांक त्यावरच टोचायचा का, हा प्रसंग घाईने उरकू नये. मेल्यावर सोबत येणारा दागिना म्हणजे गोंदण, असे मानणारी ती बाई कारकुनाशी भांडणारच. तो कारकून सूत्रधाराने स्वतः वठवावा, हे माझे मत.

क्रमांकात जात किंवा जमात मात्र नोंदवू नये. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि तो कायदा जायला १९५२ उजाडले. अशा घरातले कोणी खेळायला बसलेले असू शकते. पहिला अंक जिल्ह्याचा धरावा, मराठवाड्याचे जिल्हे आठच असल्याने तो एका अंकात बसतो.