डोस पाजूनही शेळी का खंगते? जंत आणि गोचिडांबाबत या चुका टाळा

मृगाचा पाऊस पडून तीन-चार आठवडे झाले की सिन्नर, येवला, नांदगावकडच्या शेळीवाल्यांची एकच तक्रार सुरू होते: जंताचा डोस पाजला होता, तरी शेळी गेली. डोस खरंच पाजलेला असतो, अर्धी बाटली गोठ्याच्या वळचणीला खोचलेली दिसते. मग चुकतं कुठे? बहुतेक वेळा ते औषध कोणत्या जंतासाठी, कोणत्या जनावराला, किती आणि कधी दिलं, यात चुकतं. त्याहून मोठी चूक म्हणजे जनावराचं स्वतःचं शरीर जंतांशी झगडत असतं, हे आपण हिशेबातच धरत नाही. औषधाचं काम काही दिवसांत आटोपतं. पुढचे महिने सगळी मदार शरीराच्या प्रतिकारशक्तीवर असते, आणि आपल्या बऱ्याच सवयी नेमक्या तिच्याच मुळावर येतात.

जंत ओळखायच्या आधीच औषध

"जंताचं औषध द्या" असं मेडिकलवर सांगितलं की हाताला येईल ती बाटली मिळते. पण सगळ्या जंतांवर चालणारं एकच औषध नाही. आयव्हरमेक्टिन गोलकृमींवर आणि खरजेवर चालतं. पट्टकृमी आणि लिव्हर फ्लूक (यकृतात राहणारा चपटा जंत) यांवर त्याचा काही उपयोग नाही. क्लोझंटेल रक्त पिणाऱ्या जंतावर आणि फ्लूकवर चालतं, बाकीच्या गोलकृमींचं ते फारसं काही बिघडवत नाही. अल्बेंडाझोल फ्लूकवर चालतं, पण फक्त मोठ्या झालेल्या आणि तेही जास्त मात्रेत. करडांना रक्ती हगवण लागते ती बऱ्याचदा कॉक्सिडियाची असते. तो जंतच नव्हे, आतड्याच्या पेशींत वाढणारा एकपेशीय परजीवी आहे. त्याला जंताचा डोस कितीही पाजा, फरक पडत नाही; तिथे अॅम्प्रोलियमसारखं वेगळं औषध आणि कोरडी जागा लागते.

आपल्या नाशिक जिल्ह्यात तर पश्चिमेचं दुखणं वेगळं आणि पूर्वेचं वेगळं. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याकडे भातखाचरं आणि साचलेलं पाणी. तिथे गोगलगायी असतात आणि गोगलगायीशिवाय लिव्हर फ्लूकचा फेरा पुरा होत नाही. फ्लूकच्या अळ्या पाण्याकाठच्या गवताला चिकटतात आणि भात काढल्यावर खाचरात चरायला सोडलेलं जनावर त्या पोटात घेतं. येवला-नांदगावच्या माळावर हा धोका कमी. तिथला खरा वैरी हिमॉन्कस, चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा दोरीसारखा बारीक जंत. म्हणून सुरगाण्याच्या पाहुण्याने सांगितलेलं औषध नांदगावात तसंच्या तसं आणू नका.

पापणी न बघता तब्येत ठरवणं

हिमॉन्कसचा एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. आकडा किरकोळ वाटतो. पण पोटात असे २,००० जंत असले तर रोज १०० मिलिलिटर. २५ किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून पावणेदोन लिटरच्या आसपास रक्त असतं. शरीर नवं रक्त बनवत राहतं म्हणून ती काही दिवस तग धरते, एवढंच. यात हगवण लागतेच असं नाही, लेंडी अगदी घट्ट असू शकते. त्यामुळे लेंडी चांगली आहे म्हणजे जंत नाहीत, हा समज शेळीच्या जिवावर बेततो.

सिन्नरच्या बाजूला एका गोठ्यात ताई म्हणाल्या, "डॉक्टर, चरायला जाती, पण मागं राहती. बसली की उठत नाही." मी म्हटलं, "ताई, जबड्याखाली हात लावून बघा बरं." तिथे पाणी उतरून मऊ फुगवटा आला होता. खालची पापणी अंगठ्याने ओढली तर आतला भाग कागदासारखा पांढरा. लेंड्या मात्र टणक. बाकीच्या शेळ्यांच्या पापण्या पाहिल्या, त्यातल्या बऱ्याच चांगल्या लालसर होत्या. एकाच रानात चरणाऱ्या, एकच पाणी पिणाऱ्या शेळ्या, आणि फरक एवढा.

दक्षिण आफ्रिकेत तयार झालेली फामाचा नावाची पद्धत याच पापणीवर चालते. लाल ते पांढरा असे रंगाचे पाच अंक असतात. एक म्हणजे उत्तम लाल, पाच म्हणजे पांढरी फटक. चार आणि पाचला डोस लगेच, तीनला जनावराची अवस्था पाहून. पावसाळ्यात दर पंधरवड्याला सगळ्या शेळ्यांच्या पापण्या उजेडात पाहाव्यात. खर्च शून्य. मात्र ही तपासणी रक्त पिणाऱ्या परजीवींपुरतीच. हगवण लावणाऱ्या जंतांना पापणीवरून पकडता येत नाही.

अख्ख्या कळपाला एकदम डोस

हे वाचून काहींना पटणार नाही, पण मी ठामपणे सांगतो: दर तीन महिन्यांनी सगळ्यांना सरसकट डोस हा नियम सोडा. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात. बाकीच्यांचं शरीर जंतांना आटोक्यात ठेवतं. सगळ्यांना एकदम औषध दिलं की औषधाला न जुमानणारे जंत तेवढे उरतात. त्यांच्या अंड्यांशी टक्कर द्यायला रानात साधी अंडी येतच नाहीत, आणि पुढची पिढी सगळीच्या सगळी चिवट निघते. हिमॉन्कसची मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते, तेव्हा पिढी बदलायला वेळ लागत नाही. निरोगी, लाल पापणीची मोठी जनावरं डोसाविना ठेवली तर त्यांच्या लेंडीतून साध्या जंतांची अंडी रानात पडत राहतात आणि औषध जास्त वर्षं चालतं.

औषध चालतं की नाही, याची परीक्षा आहे. डोसाच्या दिवशी लेंडी तपासून घ्या आणि १० ते १४ दिवसांनी त्याच जनावरांची पुन्हा तपासा. अंड्यांची संख्या ९५ टक्क्यांहून कमी प्रमाणात घटली असेल तर त्या औषधाला जंत सरावलेत असं समजा. पण हा निष्कर्ष डोस बरोबर पाजला असेल तरच खरा.

अंदाजपंचे डोस, आणि वर धरलेली मान

वजन नजरेने ठरवलं की ते कमीच ठरतं. कमी डोस हा न दिलेल्या डोसापेक्षा वाईट, कारण तो चिवट जंत निवडून ठेवतो. कळपाला एकच मात्रा ठरवायची वेळ आली तर त्या वजनगटातल्या सगळ्यात जड शेळीच्या वजनावर ठरवा. दुसरी गोष्ट, शेळी म्हणजे लहान मेंढी नव्हे. तिचं यकृत अल्बेंडाझोलसारखी औषधं लवकर निकाली काढतं, म्हणून तिला मेंढीच्या तुलनेत दीडपट किंवा त्याहून जास्त मात्रा लागते. पण हा हिशेब सगळ्या औषधांना लावू नका. क्लोझंटेल जास्त झालं तर शेळीची दृष्टी जाते. लेव्हामिसोलमध्ये गुण येणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा जवळजवळ असतात. मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. गाभणपणाच्या सुरुवातीच्या दिवसांत अल्बेंडाझोल नको, पोटातल्या करडात व्यंग येऊ शकतं.

पाजताना मान आभाळाकडे धरली की औषध श्वासनळीत उतरतं. डोसानंतर शेळी खोकायला लागली आणि चार दिवसांत धापा टाकत गेली, तर त्यात जंतांचा दोष नव्हता. तोंड जमिनीला समांतर धरा, पिचकारीची नळी गालाच्या बाजूने जिभेच्या मुळापर्यंत न्या, सावकाश सोडा. औषध तोंडाच्या पुढच्या भागातच सोडलं तर ते कधी कधी मोठं पोट चुकवून थेट पुढे जातं आणि त्याचा असर लवकर ओसरतो.

शरीर लढतं कसं, हे न समजून घेणं

जीवाणू इवलासा असतो, पांढरी पेशी त्याला गिळून टाकते. जंत गिळता येत नाही. तो पेशीच्या हजारो पट मोठा. म्हणून शरीर त्याच्यासाठी वेगळी फौज उभी करतं. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अळीला चिकटून तिच्या कातडीवर जहाल द्रव्यं ओततात. आयजीई जातीची प्रतिपिंडं मास्ट पेशींना जागं करतात. आतडं जास्त बुळबुळीत स्राव सोडतं, त्याची हालचाल वाढते, आणि नव्या अळ्यांना अस्तरात घुसायला जागाच मिळत नाही. अमेरिकेतल्या नॉर्मन स्टोल यांनी १९२९ मध्ये मेंढ्यांत पाहिलं की हिमॉन्कसच्या नव्या अळ्या पोटात गेल्यावर जुने जंतही बाहेर फेकले जातात. त्याला सेल्फ क्युअर म्हणतात. जंतही गप्प बसत नाहीत. ते अशी द्रव्यं सोडतात की यजमानाची प्रतिकारशक्ती थंडावते. रक्त पिणाऱ्या गोचिडाची लाळही तेच करते.

ही फौज उभी राहायला वेळ आणि खुराक दोन्ही लागतात. करडू आणि कोकरू पहिल्या काही महिन्यांत जवळजवळ निःशस्त्र असतं. शेळी मेंढीपेक्षा या बाबतीत कच्ची, कारण ती मुळात झाडपाला खाणारी, गवतातल्या अळ्यांशी तिच्या पूर्वजांची गाठ कमी पडली. आणि व्यायच्या आसपास व दूध देताना मादीची प्रतिकारशक्ती ढिली पडते. पोटातले जंत जोमाने अंडी घालू लागतात आणि ती अंडी नेमकी करडांच्या पायाखाली पडतात. त्यामुळे व्यायला टेकलेल्या आणि नुकत्या व्यालेल्या शेळीची पापणी आधी बघा.

खुराकातली चूक इथेच भोवते. प्रतिपिंडं, स्राव, नवं रक्त, सगळं प्रथिनांतून बनतं. व्यालेल्या शेळीला नुसता ज्वारीचा कडबा टाकून महागडा डोस पाजण्यात अर्थ नाही. मूठभर शेंगदाणा पेंड, शेवरीचा किंवा सुबाभळीचा पाला, हरभऱ्याचं भुसकट, जमेल ते द्या. बाभळीचा पाला आणि शेंगा यांतलं टॅनिन जंतांना थोडा आळा घालतं. शिवाय झाडावरचं खाणारी शेळी जमिनीलगतच्या अळ्यांपासून वाचते. अळ्या बहुतेक गवताच्या खालच्या दोन-तीन बोटांत असतात आणि दव किंवा पाऊस असला की वर चढतात. दव वाळल्यावर कळप सोडणं, पार खरवडलेल्या रानात न चारणं, एवढ्यानेही पोटात जाणाऱ्या अळ्या कमी होतात.

पैदाशीतही लक्ष द्या. जंतांना दाद न देण्याचा गुण आईबापांकडून पिल्लात उतरतो. दरवेळी जिची पापणी पांढरी पडते तिच्या पोटचा बोकड पैदाशीला ठेवू नका, मग तो दिसायला कितीही देखणा असो.

"शेणात काही निघालं नाही" म्हणून निर्धास्त होणं

शेण तपासणीत अंडी दिसतात, जंत नव्हे. हिमॉन्कस पोटात गेल्यावर अंडी घालायला सुमारे तीन आठवडे घेतो, लिव्हर फ्लूकला तर तीन महिने किंवा जास्तही लागतात. त्याआधी यकृत पोखरलं जात असतं आणि अहवाल कोरा येतो. इगतपुरीकडे वासराला दुर्गंधीयुक्त पाण्यासारखी हगवण लागली, जबड्याखाली सूज आली आणि शेणात अंडी नाहीत, तर अॅम्फिस्टोम या पोटातल्या जंताच्या कोवळ्या अळ्या आतड्यात असू शकतात. तेव्हा खाचरातल्या चराईचा इतिहास डॉक्टरांना सांगा. नमुना ताजा न्या, जमिनीवरून उचललेला नको.

म्हशीच्या पारड्यांचं वेगळं आहे. त्यांना मोठे गोलकृमी आईच्या दुधातून लागतात, म्हणून त्यांचा पहिला डोस दोन-तीन आठवड्यांच्या वयातच हवा. "अजून गवत खात नाही, जंत कुठून होणार" म्हणून थांबू नका.

गोचीड फक्त अंगावर शोधणं

संकरित गाईंच्या गोठ्यात गोचीड ताप, म्हणजे थायलेरिया, पाहता पाहता गाय नेतो. खांद्यापुढची गाठ सुजते, ताप १०४ ते १०६ फॅरनहाइटवर जातो, गाय धापा टाकते, पुढे रक्त कमी होतं. हा परजीवी प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींतच घुसतो आणि त्यांना अनिर्बंध वाढायला लावतो. ब्युपारव्हाक्वोनचं इंजेक्शन लवकर दिलं तर गाय वाचते. दोन दिवस तापाच्या गोळ्यांवर काढले तर ते औषधही हतबल होतं. लघवी लाल झाली तर तो बहुधा बबेसिया, गोचिडातूनच लागणारा दुसरा परजीवी; त्याचं औषध वेगळं, म्हणून काचेवर रक्ताचा थेंब घेऊन तपासून घ्या. बरी झालेली गाय पुढेही अंगात थोडे परजीवी बाळगते आणि त्यांच्यामुळेच तिची प्रतिकारशक्ती टिकते. व्यायला आली किंवा आजारी पडली की दुखणं उलटू शकतं. थायलेरियावर आपल्याकडे लस आहे, संकरित जनावरांसाठी तिची चौकशी करा. डांगीसारख्या गावठी गुरांना हा रोग होत नाही असं नाही, पण ती तो बऱ्यापैकी सोसतात.

फवारणी फक्त गाईवर केली तर काम अर्धवट राहतं. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते. भेगा लिंपा, दावणीखालची जागा मोकळी करा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारा. गोचीड हाताने फोडू नका. हायलोमा गोचिडातून पसरणारा क्रायमियन काँगो ताप माणसाचा जीव घेतो आणि तो २०११ मध्ये शेजारच्या गुजरातेत आढळला आहे.

जबड्याखाली सूज आणि पापणी पांढरी, अशी शेळी दिसली तर तिला दवाखान्यापर्यंत चालवत नेऊ नका. तेवढ्या श्रमानेही ती कोसळते. सावलीत बांधा, पाणी आणि पाला जवळ ठेवा आणि १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करून फिरतं पथक बोलवा. औषधानंतर दूध किती दिवस काढून टाकायचं, हेही त्याच वेळी विचारून घ्या. क्लोझंटेल तर दुभत्या जनावराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका, ते अंगात बराच काळ राहतं.