नववी-दहावीला हक्कांचा पाठ शिकवताना या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यांतील शाळांमध्ये मूलभूत हक्कांचे पाठ मी अनेकदा मागच्या बाकावर बसून ऐकले आहेत आणि त्याच त्या चुका नव्या शिक्षकांकडून दरवर्षी होताना पाहून आता वीट आला आहे.

सर्वांत घातक चूक म्हणजे भर वर्गात "तुमच्यावर कधी अन्याय झाला आहे का, सांगा" असे विचारणे. प्रशिक्षणात 'अनुभवातून शिकवा' हे वाक्य ऐकलेला उत्साही शिक्षक ते जसेच्या तसे उचलतो. परंतु शेतमालकाचा मुलगा आणि त्याच शेतात वेचणीला जाणाऱ्या बाईची मुलगी एकाच वर्गात बसतात, हे त्याच्या ध्यानात येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूसपट्ट्यातील गावात नववीच्या एका मुलीने या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिले. शेतावर आईने पाणी मागितले, तेव्हा मालकिणीने गडवा हातात न देता ओंजळीत वरून पाणी ओतले, असे तिने सांगितले. शिक्षकांनी तिला शाबासकी दिली, फळ्यावर अस्पृश्यता नष्ट करणारे 'कलम १७' लिहिले आणि संध्याकाळच्या बसने ते तालुक्याला परतले. अंधार पडायच्या आत ती गोष्ट वाड्यावर पोहोचली होती. ऐन हंगामात तिच्या आईला वेचणीचे बोलावणे येणे बंद झाले आणि त्या वर्षी ती मुलगी वर्गात पुन्हा बोलली नाही. हक्कांच्या पाठाची किंमत एका मजूर कुटुंबाने मोजली. मला याचा अजून संताप येतो.

त्याऐवजी मी राज्यघटनेची मराठी प्रत वर्गात नेतो आणि सार्वजनिक ठिकाणी भेदभावाला मनाई करणारा कलम १५ चा दुसरा खंड मुलांकडूनच मोठ्याने वाचून घेतो. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी यादीच तिथे आहे आणि विहिरीचे नाव आले की पेंगणारी मुलेही मान वर करतात. मग एका निनावी, दूरच्या गावातला प्रसंग मी रचून देतो. कोणत्या हक्काचा भंग झाला आणि दाद कुठे मागायची, हे मुले गटात ठरवतात. अस्पृश्यतेच्या आचरणासाठी १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात शिक्षा आहे, हेही तेव्हाच सांगतो. एखादे मूल नंतर एकट्याने येऊन काही सांगू लागले, तर ते शांतपणे ऐकावे, शिक्षककक्षात त्याची चर्चा करू नये आणि गरज पडल्यास १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकाचा आधार घ्यावा.

दुसरी चूक सभ्य दिसते म्हणून अधिक टिकते. "आधी कर्तव्ये पाळा, मग हक्क मागा" असे अनेक शिक्षक ठासून सांगतात. मूलभूत हक्क २६ जानेवारी १९५० पासून घटनेत आहेत, तर मूलभूत कर्तव्ये १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आली आणि हक्कांसाठी कर्तव्यपालनाची अट घटनेत कुठेही घातलेली नाही. त्यांत नंतर जोडलेले अकरावे कर्तव्य तर पालकांचे आहे, सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देण्याचे. ज्या मुलाला पालक वेचणीसाठी घरी ठेवतात, त्यालाच गैरहजेरीबद्दल कर्तव्याचे व्याख्यान देणे मला अन्यायाचे वाटते. कर्तव्ये जरूर शिकवावीत, पण वेगळ्या तासाला.

वयाच्या बाबतीतही बेफिकिरी दिसते. "मोफत शिक्षण हा तुमचा मूलभूत हक्क आहे" असे दहावीच्या वर्गाला सांगितले जाते, पण कलम २१-क मधील हक्क सहा ते चौदा या वयोगटाचा आहे आणि समोरची बहुतेक मुले तो ओलांडून गेलेली असतात. बालमजुरीबाबतही नेमके बोलावे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाने शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या शेतात हातभार लावणे चालते, परंतु त्याला दुसऱ्याच्या शेतात मजुरीने लावणे हा गुन्हा आहे. हा फरक कापसाच्या हंगामात शिकवावा, कारण तेव्हाच घरी त्यावर बोलणे होते.

बाकीच्या चुका लहान आहेत, पण त्यांचीही सवय लागते. जुन्या मार्गदर्शक पुस्तिकेतून मालमत्तेचा हक्क मूलभूत म्हणून शिकवू नये. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो त्या यादीतून निघाला. कलम १९ ची स्वातंत्र्ये नागरिकांची असली, तरी समानता आणि जीविताचे संरक्षण प्रत्येक व्यक्तीला आहे. २६ नोव्हेंबरला उद्देशिका एका सुरात म्हणवून घेतली म्हणजे संविधान शिकवून झाले, असे मानू नये. टेबलावर छडी ठेवून स्वातंत्र्याचा पाठ घेऊ नये.

कलमांचे आकडे घोकून घेण्याची घाई मला मुळीच मान्य नाही. परीक्षेला आकडे लागतात हे खरे, परंतु दाद मागण्याचा रस्ता ठाऊक नसलेल्या मुलाला, हक्कभंगाबद्दल थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ देणारे कलम ३२ पाठ असून काय उपयोग? सर्वोच्च न्यायालय त्याला दिल्लीइतकेच दूर वाटते. म्हणून उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ कलम २२६ खाली दाद देऊ शकते, हे मी आवर्जून सांगतो आणि त्याआधी तालुका विधी सेवा समितीचा पत्ता वहीत लिहून घ्यायला लावतो. महिला, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. तो पत्ता घरी आईला वाचून दाखवायचा, एवढाच गृहपाठ मी देतो.